तीन नंबरच्या पट्ट्या

मोटारी हलतात म्हणून माझी चूल पेटते. कागदोपत्री मी धानोरी बत्तीस गाव पाणीयोजनेची कंपन अभियंता आहे. एवढं लांबलचक गावात कोण म्हणणार? गावात मला थरथरबाई म्हणतात, आणि आता मीही त्या नावाला ओ देते.

हे पद निघालं ते वेधशाळेमुळे. धानोरी तलावापासून नऊ किलोमीटरवर, माळावर, चार-चार किलोमीटरचे दोन सरळसोट नळ काटकोनात टाकलेले आहेत. त्यांच्या आत हवासुद्धा नाही. लेझरचा किरण आतून जातो, टोकाच्या आरशावर आपटतो आणि परत येतो. कुठेतरी कोट्यवधी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळतात, त्याने खुद्द अवकाशालाच लाट येते, आणि ती लाट आमच्या माळावरून जाताना त्या नळाची लांबी अणूच्या गाभ्याहूनही कमी अंतराने बदलते. तेवढा बदल पकडायचा, हे वेधशाळेचं काम. इतक्या हळव्या यंत्राला शेजारची पिठाची गिरणीसुद्धा छळते. म्हणून भोवतालचा पंधरा किलोमीटरचा मुलूख शांतक्षेत्र म्हणून जाहीर झाला.

शांतक्षेत्रात राहायचं म्हणजे पाय न वाजवता राहायचं. इथल्या गिरण्या रबरी पायांवर उभ्या आहेत. विहिरीला सुरुंग लावायला बंदी आहे. वरातीत बँड वाजतो तो वऱ्हाड्यांच्या हेडफोनमध्ये, आणि नाचायचं ते अंथरलेल्या गाद्यांवर. लांबून बघणाऱ्याला वाटावं, सगळ्या वऱ्हाडाला एकदम मुंग्या चावल्या. सुरुवातीला लोकांनी शिव्या घातल्या. मग रस्ते झाले, दवाखाना झाला, शाळेत दुर्बिणी आल्या, आणि लोक शिव्या घालत घालत सरावले.

२०४७ च्या दिवाळीनंतर वेधशाळेने नवे आरसे बसवले आणि आमच्या पंपांना नवी मर्यादा आली. कंप मोजायचा तो मोटारीचं डोकं किती वेगाने पुढेमागे होतं त्यावरून. एरवी सेकंदाला चार-साडेचार मिलिमीटरला कोणी हरकत घेत नाही. आम्हाला आजवर सातपर्यंत सवलत होती. येत्या शुक्रवारी सकाळी अकरापासून मर्यादा दीड. त्याच्या वर गेलेला पंप आपोआप बंद पडणार आणि त्याला वेधशाळेतून कुलूप बसणार.

एक आणि दोन नंबरचे पंप मर्यादेत होते. तीन नंबर सहा पूर्णांक आठवर हलत होता. त्याला कुलूप बसलं असतं तर उंचावरच्या शेवटच्या अकरा गावांना आठ दिवसांतून एकदा पाणी मिळालं असतं. त्या अकरांतलं एक गाव माझं. माझी आई अजून तिथेच राहते.

बुधवारी सकाळी मी जॅकवेलवर पोचले. जॅकवेल म्हणजे तलावाच्या पाण्यात उभी बांधलेली विहीर. काठावरून तिच्याकडे अरुंद पूल जातो. वरच्या मजल्यावर तीन मोटारी, प्रत्येक मोटार लोखंडी स्टँडवर, आणि स्टँडच्या पोटातून निघालेला दांडा खाली चौदा मीटर पाण्यात. दांड्याच्या टोकाचे पंखे पाणी वर ढकलतात. आडवा पंप जमिनीला पाठ टेकून असतो, त्याला कसली काळजी नाही. उभा पंप दीड टनाची मोटार डोक्यावर घेऊन उभा असतो, भरला हंडा घेतलेल्या बाईसारखा, आणि काही बिनसलं की त्याचं डोकं आधी डुलतं.

तीन नंबर बंद होता आणि त्याच्या स्टँडपाशी मेहबूबचाचा उकिडवे बसले होते. हातात वेल्डिंगचा होल्डर, कपाळावर सरकवलेला मुखवटा. चाचा योजनेचे फोरमन. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण त्यांच्यावाचून योजनेचं पान हलत नाही म्हणून कंत्राटावर परत आणलेले. त्यांच्या समोर एक हातभर लांबीची जाड लोखंडी पट्टी कापून तयार होती.

स्टँडला अशा अकरा पट्ट्या आधीच जोडलेल्या होत्या. प्रत्येकीवर चाचांनी खडूने तारीख लिहून वर वार्निश मारलं होतं.

"थांबा चाचा," मी म्हणाले. "बारावी लावू नका."

"काहून? शुक्रवारी कुलूप लावायलेत म्हणं. टेकू नको द्यायला?"

"टेकूनंच हलत असंल तर?"

चाचांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पाण्याने आग लागते म्हणाले. "पोरी, हलायलंय म्हंजे कमजोर हाय. कमजोर हाय तर टेकू द्यायचा. ह्याला काय कॉलेजात जावं लागतं का?"

"तुम्हीच तर पाठवलं मला कॉलेजात."

"चुकलंच माझं," चाचा म्हणाले, पण होल्डर खाली ठेवला.

हे चेष्टेत चाललं होतं तरी खरं होतं. माझे वडील, सोपान ढेंबरे, ह्याच जॅकवेलवर ऑपरेटर होते. चौदा वर्षांपूर्वी, २ जुलैला, ह्याच तीन नंबरच्या तेव्हाच्या स्टँडचे बोल्ट तुटले आणि मोटार त्यांच्या अंगावर कोसळली. मी तेव्हा बारा वर्षांची होते. त्यानंतर माझी शाळा, माझी वह्या-पुस्तकं, औरंगाबादचं वसतिगृह, सगळीकडे पालकाच्या जागी सही मेहबूब शेख अशी आहे.

मी पिशवीतून लाकडी हातोडा काढला. "एक करून दावते. मंग तुमच्या मनानं करा."

उभ्या वस्तूला डुलण्याची तिची स्वतःची एक लय असते. झोक्याला त्याच्या लयीत नुसतं बोट लावत गेलं तरी तो उंच उंच जातो. भलत्याच वेळी ढकललं तर दोन्ही हात लावूनही फारसा हलत नाही. आमची मोटार सेकंदाला साडेसोळा फेरे घेते, म्हणजे स्टँडला साडेसोळा वेळा बारीकसा धक्का देते. तेव्हा स्टँडची लय साडेसोळापासून जेवढी दूर तेवढं बरं. वजन वाढलं की लय मंदावते आणि ताठरपणा वाढला की चढते. बंद पंपावर हातोडा ठोकला की स्टँड आपल्या लयीत क्षणभर डुलतो आणि सेन्सर ती टिपतो.

मी ठोकलं. पडद्यावर आकडा आला, सोळा पूर्णांक चार.

"एक नंबरला ठोक बरं," चाचा म्हणाले. एक नंबरला एकही पट्टी नव्हती. तिथे आला तेरा पूर्णांक पाच.

"बघा. पट्ट्यांनी ताठ झालं, लय चढली, अन् बरोब्बर मोटारीच्या लयीवर येऊन बसली. पट्ट्या कापू, आपोआप थांबंल."

चाचा उठले. त्यांचा चेहरा एकदम कडक झाला. "ह्या पट्ट्याला हात लावायचा न्हाई, शिवू. एकदा पडलीय मोटार. आता कोणाच्या अंगावर पाडू? तुझ्या?"

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. हातोड्याचा आकडा त्यांना पटणार नव्हता. त्यांना हवा होता पुरावा, की पट्टी लागत गेली तसतसा कंप वाढत गेला. आमच्याकडच्या नोंदी जेमतेम सहा वर्षांच्या. त्याआधीचं फक्त वेधशाळेकडे होतं. मी अकरा पट्ट्यांवरच्या अकरा तारखा वहीत उतरवल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच वेधशाळा गाठली.

वेधशाळेला हवा असतो तो ताऱ्यांचा आवाज. बाकीचं सगळं, गिरण्या, ट्रक, पंप, चालणारी माणसं, ते गाळून बाजूला काढतात, पण टाकून देत नाहीत. त्या साठ्याला तिथली मंडळी गाळ म्हणतात. पूर्वी गाळ म्हणजे नुसता गोंगाट होता. अलीकडे त्यांनी अशी चाळणी बनवली की जमिनीत पुरलेल्या शेकडो सेन्सरांवरून कुठला धक्का कुठून आला ते ठरवता येतं, आणि सोळा वर्षांच्या गोंगाटातून एकच यंत्र वेगळं काढता येतं. ही बातमी फुटली तेव्हा शांतक्षेत्रात हाहाकार उडाला होता. कोणाची चोरटी बोअर कुठे खोदली गेली, कोणाची मोटारसायकल कोणाच्या दारी किती वेळ थांबली, सगळंच गाळात! शेवटी नियम झाला, की ज्याचं यंत्र त्यालाच त्याचा गाळ मिळेल. तीन नंबर योजनेचा, आणि योजनेच्या वतीने सही करणारी मी.

डॉ. ऊर्जिता सबनीस गाळाच्या प्रमुख. मूळच्या पुण्याच्या, पंचावन्नच्या घरातल्या, आणि बोलताना सारख्या चष्मा पुसणाऱ्या.

"तुला चालू पंपाचा कंप हवाय की स्टँडची लय?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही. पण लय कशी मिळणार, मॅडम? तेव्हा कोणी हातोडा मारला नव्हता."

"पंप बंद होताना मिळेल. वेग उतरत उतरत शून्यावर येतो. वाटेत स्टँडची लय लागली की मोटार क्षणभर थरारते आणि मग शांत होते. जितक्या वेळा पंप बंद झाला, तितक्या वेळा तुझी मोजणी झालेली आहे." त्यांनी पडद्यावर आकडा बघितला आणि हसल्या. "नऊ हजार वेळा? अगं, काय करता तुम्ही त्या पंपाला?"

"आम्ही काही नाही करत. लाईट जाते."

"लाईट गेल्याने विज्ञानाचं भलं झालेलं मी पहिल्यांदाच बघतेय," त्या म्हणाल्या.

पडद्यावर नऊ हजार ठिपके उमटले आणि त्यांची चक्क पायऱ्या-पायऱ्यांची रेघ दिसायला लागली. मी वहीतल्या तारखा वाचत गेले. प्रत्येक तारखेला एक पायरी वर, आणि प्रत्येक पायरीला चालू पंपाचा कंपही वर. अकराच्या अकरा जुळल्या. मला एवढा आनंद झाला की मी मॅडमच्या टेबलावर थाप मारली, आणि वेधशाळेत असं करायचं नसतं हे आठवून हात मागे घेतला.

"ही बारावी पायरी कसली?" मॅडमनी विचारलं.

रेघेच्या डाव्या टोकाला एक पायरी आणखी होती. तेरा पूर्णांक चारवरून एकदम पंधरा पूर्णांक एक. कंप त्या दिवशी दुप्पट झालेला. तारीख २० मार्च २०३३. ही रेघ तशीच पुढे साडेतीन महिने जात होती आणि २ जुलैला, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, तुटत होती; त्यापुढचं सगळं नव्या स्टँडचं. माझ्या वडिलांच्या मृत्यूची नोंद असलेल्या कागदावर तीच वेळ आहे.

अपघाताच्या आधीही पट्ट्या होत्या. त्या लागल्या म्हणून कंप दुप्पट झाला, जुने बोल्ट दर सेकंदाला सोळा वेळा ओढ खात राहिले आणि एक दिवस तुटले. चौकशीच्या अहवालात पट्ट्यांचा उल्लेखही नव्हता, फक्त 'जीर्ण बोल्ट' असं होतं. आणि त्या जॅकवेलवर वेल्डिंग करणारा माणूस माझ्या माहितीत एकच होता.

परतीच्या नऊ किलोमीटरांत मी मेहबूबचाचांना मनातल्या मनात जे काही बोलले ते लिहिण्यासारखं नाही. चौदा वर्षं ह्या माणसाने माझी फी भरायला धावपळ केली, ईदला मला नवा ड्रेस आणला, आणि ते सगळं पापाचं प्रायश्चित्त होतं की काय? मला त्यांचा इतका राग आला की पुलाशी गाडी लावली तेव्हा चावी गाडीतच विसरले.

चाचा पुलाच्या कठड्याशी चहा पीत बसले होते. मी पडद्यावरची रेघ त्यांच्यापुढे धरली. अकरा पायऱ्या दाखवल्या. त्या त्यांनी मान हलवत बघितल्या. मग बारावीवर बोट ठेवलं.

"ही कोणी लावली?"

चाचांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "मी लावली."

"आणि मला कधी सांगणार होतात?"

"मीच लावली. चार पट्ट्या होत्या. लिही तुझ्या कागदात, मेहबूब शेखनं लावल्या. म्हातारा माणूस हाय, मला काय करणार हायेत?"

इतक्या तयारीने कबूल करणारा माणूस मी पाहिला नव्हता. माझा राग जरा अडखळला. वीस मार्च, मी मनात म्हणाले. मार्चमधला रविवार. त्या वर्षी मार्चमध्ये मी काय करत होते? आणि मग आठवलं, आणि आठवलं ते जर्द्याच्या, त्या केशरी गोड भाताच्या, वासासकट. चाचांच्या मुलीचं, शबनमआपाचं, नांदेडला लग्न होतं. मी आणि आई दोन दिवस आधीच गेलो होतो. मी जर्दा तीनदा मागून घेतला होता. चाचा मांडवात सगळ्यांना वाढत फिरत होते. बाबा तेवढे आले नव्हते, कारण चाचांच्या सुट्टीत पंप सांभाळायला ते थांबले होते.

"चाचा," मी म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही नांदेडला होतात. मला तुमच्या हातानं जर्दा वाढलात."

चाचांनी नजर तलावाकडे वळवली.

"बाबांनी लावल्या."

"चौथ्या दिवशी आलो तर लावून बसलेला," चाचा शेवटी म्हणाले. "लई खूश होता सोपान. म्हणला, मेहबूबभाई, जरा गुणगुणत होतं, मी पक्कं करून टाकलं. आता वर हत्ती बसव, हलायचं न्हाई. मीबी म्हणलं, झकास. मला काय ठाव होतं? वरून परवानगी घेतलेली न्हाई, रजिस्टरला लिहिलेलं न्हाई. अन् जुलैत ते झालं." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "चौकशीवाले यायच्या आत मी गॅसनं त्या चार पट्ट्या उतरवल्या अन् तळ्यात टाकल्या. ते म्हणले असते, त्यानंच केलं अन् त्यानंच भोगलं. तुझ्या मायला अनुकंपाची नोकरी लागली असती का? तू शिकली असतीस का?"

"आणि मग नव्या स्टँडला तुम्ही पुन्हा पट्ट्या लावल्या."

"लावणारच. मला वाटलं, सोपाननं चार लावल्या, चार कमी पडल्या. अजून लावल्या असत्या तर वाचला असता. म्हणून हललं की एक लावली. हललं की एक लावली."

मला कळेना रडावं की ओरडावं. चौदा वर्षं हा माणूस माझ्या वडिलांना मागे जाऊन वाचवत होता, आणि प्रत्येक पट्टीने तीन नंबरला त्याच वाटेने ढकलत होता. आणि मला बाबांचाही राग आला, पहिल्यांदाच आला. एक शब्द विचारायचा होता कोणाला तरी. मग मी चाचांच्या शेजारी कठड्यावर बसले आणि रडले. चाचांनी ग्लासातला उरलेला चहा मला दिला. तो गार झाला होता, मी प्यायले.

"चार कमी नव्हत्या, चाचा," मी म्हणाले. "चार जास्त होत्या."

"कळलं," ते म्हणाले. "उद्या कापू. पण कागदावर माझं नाव टाकायचं. मेलेल्या माणसाला काय चौकशीत उभं करतेस?"

मर्यादेत आणलेल्या प्रत्येक यंत्राचा अहवाल वेधशाळेला द्यावा लागतो. त्यात 'मूळ कारण' असा रकाना असतो आणि तिथे तारीख, कृती, करणारा, सगळं लागतं. तो अहवाल आमच्यापुरता राहत नाही. देशभरच्या पंपवाल्यांना जातो. सबनीस मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, "अनधिकृत वेल्डिंग एवढं लिहिलंस तरी मी सही करीन. नाव हवंच असा माझा आग्रह नाही." म्हणजे माझ्यापुढे तीन वाटा होत्या. नाव गाळायचं, चाचांचं खोटं नाव घालायचं, किंवा बाबांचं खरं.

मी आईला फोन केला. आई गेल्या वर्षी योजनेच्या कार्यालयातूनच निवृत्त झाली. मी सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. मधेच मला वाटलं फोन कटला.

"माय, ऐकायलीस ना?"

"ऐकायले." आई म्हणाली. "मला पट्टीचं ठाऊक नव्हतं. पण तो तसलाच होता. घराच्या दाराला बी कोणाला न विचारता तीन कड्या लावल्या होत्या त्यानं." ती थोडी हसली. "शिवू, मेहबूबभाईचं नाव घालशील तर मला तोंड दाखवू नको. अन् तुझ्या बाबाला बी खोटं मोठं करू नको. होता तेवढाच चांगला होता. तेवढाच मला पुरला."

मी हो म्हणाले.

"अन् पाणी?" तिने विचारलं. "शनवारी येणार हाय ना?"

"येईल," मी म्हणाले, आणि ते मी खात्रीने म्हणाले.

शुक्रवारी सहाला आम्ही दोघं जॅकवेलवर होतो. पहिली पट्टी कापायला मी गॅसकटर हातात घेतला तर चाचांनी तो काढून घेतला. "तू ठोक. कापायचं माझं काम हाय." तीन पट्ट्या उतरल्या आणि मी हातोडा मारला. पंधरा पूर्णांक सात. पंप लावून बघितला, कंप सहा पूर्णांक आठवरून तीनवर आलेला. चाचांनी चष्मा नाकावर सरकवून तो आकडा दोनदा वाचला. त्यांना माझ्यावर, हातोड्यावर, नऊ हजार ठिपक्यांवर जेवढा विश्वास बसला नव्हता तेवढा ह्या एका आकड्यावर बसला. मग मात्र ते मुखवटा लावून खाली बसले ते शेवटची पट्टी उतरेपर्यंत उठले नाहीत. तारखा लिहिलेल्या पट्ट्या एकेक करून फरशीवर पडत गेल्या. मी ग्राइंडरने कापाच्या जागा साफ केल्या, वेल्डिंगची एकेक शिवण भिंगातून तपासली आणि बोल्ट पुन्हा आवळले. स्टँड आता नुसता, सडपातळ दिसत होता. खरं सांगायचं तर बघून मलाही क्षणभर शंका आली.

"पडणार न्हाई ना?" चाचांनी विचारलं.

"नाही. ह्या स्टँडवर हिच्या तिप्पट वजनाची मोटार बसते. तो कमजोर कधीच नव्हता."

अकराला पाच मिनिटं कमी असताना मी ठोकून पाहिलं. तेरा पूर्णांक सहा. बरोबर अकराला वेधशाळेची मर्यादा लागू झाली आणि चाचांनी तीन नंबरचं बटण दाबलं. मोटार चढत गेली, मधे तेरा-साडेतेराच्या जवळ एकदा अंग झाडल्यासारखी थरारली, तो टप्पा ओलांडून पुढे गेली आणि निवांत फिरायला लागली. आकडा दोनवरून उतरला, दीडपाशी जरा रेंगाळला, आणि एक पूर्णांक एकवर स्थिर झाला.

चाचांना पडद्याचं कौतुक नव्हतंच. त्यांनी खिशातून दहाचं नाणं काढलं आणि फिरत्या मोटारीच्या डोक्यावर कडेवर उभं केलं. जुने फिटर असंच तपासतात. नाणं उभं राहिलं. आम्ही दोघं शेजारी उभे राहून त्याच्याकडे बघत होतो, आणि चाचांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"सोपानला हे दावायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

दुपारी मी अहवाल लिहिला. मूळ कारण: २० मार्च २०३३ रोजी ऑपरेटर सोपान ढेंबरे यांनी लय न मोजता स्टँडला चार पट्ट्या जोडल्या. त्याच समजुतीने फोरमन मेहबूब शेख यांनी नंतर अकरा जोडल्या. पहिल्या कृतीमुळे २ जुलैचा अपघात झाला. खाली उपाय लिहिला. हलणाऱ्या उभ्या पंपाला पट्टी लावायची झाली तर आधी ती नुसत्या क्लँपने आवळा, हातोडा ठोका, लय मोजा, आणि मगच वेल्डिंगला हात घाला. चाचांनी अहवाल माझ्या खांद्यावरून वाचला. आपल्या नावाशी दोन ओळी वाढवून मागितल्या: पुरावा नष्ट केला, तोही मीच. मी त्या घातल्या. शिक्षा म्हणून त्यांचं कंत्राट एक महिना थांबलं, आणि त्या महिन्यात ते रोज डबा घेऊन जॅकवेलवर येऊन बसायचे, पगाराशिवाय.

मला वाटलं होतं, इतर शेकडो अहवालांसारखा हाही कुठेतरी पडून राहील. पण पंपवाल्यांची जमात गप्पिष्ट. पाणीयोजना, साखर कारखाने, वीजकेंद्रं, जिथे जिथे उभे पंप आहेत तिथे तो फिरला. कोणीतरी त्या ठोकून बघण्याला नाव दिलं. कोणी दिलं ते आजवर सापडलेलं नाही. मला पहिल्यांदा कळलं ते एका मेसेजमुळे: 'दोन नंबरवर सोपान केला, ठीक आहे.' मी तो पाच-सहा वेळा वाचला.

वर्ष झालं असेल. एका दुपारी खानदेशातल्या कुठल्याशा कारखान्यातून फोन आला. आवाज तरुण, घाईचा.

"मॅडम, तुमचा नंबर अहवालाखाली होता म्हणून केला. आमचा पंप हलत होता. साहेब म्हणे, पट्ट्या मारा. पट्ट्या कापूनपण ठेवल्या होत्या. मग मी म्हटलं, आधी सोपान करू. क्लँप लावून ठोकलं तर लय थेट मोटारीच्या लयीवर. पट्ट्या भंगारात टाकल्या. बरोबर केलं ना?"

"अगदी बरोबर केलंत."

"बरं झालं. आणि मॅडम, एक विचारू? ते सोपान कोण होते? मोठे शास्त्रज्ञ होते का?"

"पंप ऑपरेटर होते," मी म्हणाले. "माझे वडील. त्यांनी न ठोकता पट्टी लावली होती."

पलीकडे कारखान्याचा भोंगा झाला. मग तो म्हणाला, "आमच्या पाळीला त्या पंपापाशी तिघं असतो आम्ही, मॅडम. आता सुट्टी झाली. तिघंही घरी जेवायला चाललोय."